पन्हळी तुटल्या तेव्हा कोणी रडले नाही

फ्रान्सच्या संस्कृती मंत्रालयास खुले पत्र

फ्रान्सच्या संस्कृती मंत्रालयातील मान्यवरांस,



आगीच्या दोन वर्षे आधीची गोष्ट. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलच्या छतावरचे पावसाचे पाणी भिंतीपासून लांब फेकणाऱ्या दगडी पन्हळी, विक्राळ तोंडांच्या त्या जगप्रसिद्ध पन्हळी, जागोजागी झिजून तुटल्या होत्या. काही ठिकाणी तुटक्या पन्हळीच्या जागी प्लास्टिकचा नळ बसवला होता. आमच्याकडे गच्चीचे पाणी उतरवायला लावतात तसाच. कठड्यांचे निखळलेले तुकडे गोळा करून इमारतीच्या मागच्या बाजूला ठेवले होते. डागडुजीला १० ते १५ कोटी युरो लागतील असा अंदाज होता आणि सरकारकडून वर्षाकाठी मिळत होते सुमारे २० लाख. उरलेल्या पैशांसाठी कॅथीड्रलचे हितचिंतक अमेरिकेपर्यंत झोळी घेऊन गेले होते.

तेव्हा सेन नदीच्या पुलांवर गर्दी जमली नाही. कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नाही.

१५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी कॅथीड्रल पेटले, तेव्हा मात्र सगळे जग त्या इमारतीकडे बघत उभे राहिले. नंतर देणग्या दिल्या त्या ३ लाख ४० हजार जणांनी, १५० देशांतून. कॅथीड्रल फ्रान्सच्या मालकीचे असले, तरी त्याच्या आजच्या छतात दीडशे देशांचा पैसा आहे. पुण्यात बसून हे पत्र लिहिण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर उत्तर एवढेच.

आगीचा तो दिवस ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातला सोमवार होता. आत संध्याकाळची प्रार्थना चालू होती. सव्वासहाच्या सुमारास धोक्याचा दिवा लागला. आगीची सूचना देणारी यंत्रणा उभारायला काही वर्षे खर्ची पडली होती, पण अग्निशमन दलाला थेट वर्दी जाण्याची सोय तिच्यात नव्हती. आधी माणसाने वर जाऊन खात्री करायची, मग फोन करायचा, अशी रीत होती. पडद्यावर लक्ष ठेवणारा कर्मचारी त्या कामावर येऊन तीनच दिवस झाले होते. त्याच्या निरोपावरून सुरक्षारक्षक पाहायला गेला तो मुख्य छताकडे न जाता शेजारच्या सॅक्रिस्टीच्या, म्हणजे पूजेचे साहित्य ठेवण्याच्या इमारतीच्या, माळ्यावर. तिथे काहीच नव्हते. चूक लक्षात आल्यावर तीनेकशे अरुंद पायऱ्या चढून खऱ्या माळ्यावर पोहोचेपर्यंत लाकूड पेटले होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी ही म्हण आम्ही मराठीत सहज वापरतो. त्या दिवशी तिची किंमत आठशे वर्षांच्या ओकच्या तुळयांनी मोजली. अग्निशमन दलाला पहिला फोन गेला तो ६ वाजून ५१ मिनिटांनी. म्हणजे हातातला अर्धा तास गेला होता.

आठला थोडा अवकाश असताना मनोरा कोसळला. व्हियोले-ल-द्युक या वास्तुकाराने १८५९ मध्ये पूर्ण केलेला, लाकूड आणि शिशाचा, सुमारे ७५० टन वजनाचा तो निमुळता मनोरा कमरेत मोडावा तसा मोडला आणि दगडी कमानी फोडून आत पडला. नदीकाठच्या गर्दीतून त्या वेळी उमटलेला आवाज चित्रफितींमध्ये ऐकू येतो. ती किंकाळी नाही, आरडाओरडा नाही. घरातले माणूस गेल्याचे कळल्यावर नकळत तोंडातून निघतो तसा तो हुंकार आहे. मग सें-मिशेलच्या पुलाजवळ तरुण मुलेमुली गुडघ्यांवर बसली आणि मेरीमातेची स्तोत्रे म्हणू लागली. ज्यांना शब्द येत नव्हते, ते नुसते उभे राहिले.

आत दुसरेच युद्ध चालू होते. उत्तरेकडच्या बुरुजात आठ घंटा टांगलेल्या आहेत आणि त्यांना पेलणाऱ्या लाकडी सांगाड्याला आगीची झळ लागली होती. सांगाडा जळून घंटा खाली आल्या असत्या, तर तो बुरुज गेला असता. तो गेला असता तर शेजारचाही. पॅरिस अग्निशमन दलाचे प्रमुख जनरल ज्यां-क्लोद गाले यांनी वीसेक जवानांना त्या बुरुजात पाठवण्याचा निर्णय घेतला. परत येतील याची खात्री नव्हती. ते परत आले आणि बुरुजही वाचले. दलाचे धर्मगुरू ज्यां-मार्क फुर्निए यांच्यासह जवानांनी आणि कर्मचाऱ्यांनी आतल्या पवित्र वस्तू हातोहात बाहेर काढल्या. राजा नवव्या लुईने १२३९ मध्ये पॅरिसला आणलेला, येशूचा मानला जाणारा काट्यांचा मुकुट त्यांत होता. चारशेहून अधिक जवान लढले आणि कोणाचाही जीव गेला नाही.

लोकांच्या प्रतिक्रियेचा पहिला दिवस हा असा होता: गाणे, अश्रू आणि धाडस. दुसऱ्या दिवसापासून पैशांचा पूर आला. पिनो कुटुंबाने १० कोटी युरो जाहीर केले, आर्नो कुटुंबाने आणि एलव्हीएमएच समूहाने २० कोटी, लॉरिआलच्या मालक कुटुंबाने आणि कंपनीने २० कोटी, टोटल कंपनीने १० कोटी. एकूण आकडा पुढे ८४ कोटी ६० लाख युरोंवर गेला.

आणि त्याच आठवड्यात संतापही उसळला. नोव्हेंबर २०१८ पासून पिवळी जाकिटे घालून हजारो फ्रेंच माणसे दर शनिवारी रस्त्यावर येत होती. महिनाअखेरीस पगार पुरत नाही, हे त्यांचे साधे गाऱ्हाणे. दगडांसाठी एका रात्रीत कोट्यवधी युरो निघतात, मग माणसांसाठी तिजोरी रिकामी कशी, असा प्रश्न त्यांनी २० एप्रिलच्या मोर्चात विचारला. देणग्यांवर करसवलत मिळते, म्हणजे मोठेपणा उद्योगपतींचा आणि भार करदात्यांचा, ही टीकाही झाली. पिनो कुटुंबाने आपण सवलत घेणार नाही असे जाहीर केले. पहिल्या दोन महिन्यांत मोठ्या घोषणांमधला पैसा आलाच नव्हता. मजुरी आणि तातडीची कामे चालली ती बव्हंशी छोट्या देणगीदारांच्या पैशांवर. पुढे मोठ्यांनीही शब्द पाळला, हेही तितकेच खरे.

ज्यांनी रडणाऱ्यांना ढोंगी म्हटले, त्यांनी अन्याय केला. ज्यांनी प्रश्न विचारणाऱ्यांना कोत्या मनाचे ठरवले, त्यांनीही केला. या दोन्हींच्या पलीकडची एक गोष्ट त्याच आठवड्यात अमेरिकेत घडली. लुइझियाना राज्यातल्या सेंट लँड्री परगण्यात मार्चच्या अखेरीस आणि एप्रिलच्या सुरुवातीला तीन चर्च लागोपाठ जाळली गेली होती. तिन्ही कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट समाजाची, तिन्ही शंभरहून अधिक वर्षांची. त्यांच्यासाठी १८ लाख डॉलर जमवायचे होते आणि निधी रखडला होता. नोत्र दाम जळाल्यावर काही पत्रकारांनी आणि सामान्य लोकांनी एकमेकांना विचारले, पॅरिससाठी हात सैल सोडताना या तिन्ही चर्चची आठवण ठेवणार का? काही दिवसांत उद्दिष्ट ओलांडले गेले.

लोकांचे दुःख आटत नाही. वाट दाखवली, तर ते दुसऱ्या दारापर्यंतही जाते. ही वाट दाखवणे आपल्या मंत्रालयाच्या हातात आहे. आगीनंतर जमलेली लोकांची माया आता आग न लागलेल्या इमारतींकडे वळवावी, ही या पत्रातली मागणी आहे.

फ्रान्सला हे नवे नाही. ११९४ मध्ये शार्त्र गावचे कॅथीड्रल जळाले. मेरीमातेचे म्हणून पूजले जाणारे वस्त्रही जळाले असे समजून गाव हवालदिल झाले होते. तीन दिवसांनी ते तळघरातून सुखरूप बाहेर आले आणि लोकांनी त्याचा अर्थ लावला की मातेला याहून मोठे मंदिर हवे आहे. दाही दिशांनी दान आले. आज शार्त्रला दिसते ते कॅथीड्रल म्हणजे त्या आगीची प्रतिक्रियाच. १८३६ मध्ये त्याचे लाकडी छत पुन्हा जळाले, तेव्हा मात्र शहाणपणाने वरचा सांगाडा लोखंडाचा केला गेला.

नोत्र दामच्या छताचा सांगाडा लाकडाचाच पुन्हा उभा राहिला आणि तो कसा उभा राहिला हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जुन्या सांगाड्याला लोक ‘जंगल’ म्हणत, कारण त्यात सुमारे १३०० ओक वृक्ष खर्ची पडले होते. हे जंगल राख झाले, तरी त्याचा आराखडा शिल्लक होता. रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्रांतसो या दोन वास्तुकारांनी २०१४ मध्ये त्या अंधाऱ्या माळ्यावर चढून एकेक तुळई, एकेक सांधा मोजून कागदावर उतरवला होता. अँड्र्यू टॅलन या अमेरिकी कलाइतिहासकाराने लेसर यंत्राने सगळी वास्तू शंभर कोटींहून अधिक बिंदूंमध्ये टिपून ठेवली होती; आगीच्या पाच महिने आधी तो वारला. या तिघांनी काम केले, तेव्हा कोणी कॅमेरे लावून उभे नव्हते. पुढची पाच वर्षे मात्र त्यांच्या नोंदींनी कारागिरांना फार मोठा आधार दिला.

मग देशभरातून ओक आले. सरकारी जंगलांतून, गावांच्या राईंतून, खासगी मालकांकडून, देणगी म्हणून. मनोऱ्यासाठी आणि छतासाठी मिळून सुमारे दोन हजार. मार्च २०२१ मध्ये बेर्सेच्या जंगलात उंच, सरळ खोडे निवडून पाडली गेली. झाडे तोडू नका, असेही हजारो लोकांनी सह्या करून कळवले; तीही नोत्र दामवरच्या लोकमताचीच एक बाजू होती. ज्या तुळईला हलका बाक होता, तिच्यासाठी तसाच बाक असलेले झाड शोधले गेले. छताच्या तुळयांचे लाकूड करवतीने चिरून चौकोनी केले नाही. सुतारांनी, त्यांत बायकाही होत्या, मध्ययुगीन घडणीच्या कुऱ्हाडी मुद्दाम घडवून घेतल्या आणि ओल्या खोडाच्या चारही बाजू हाताने तासल्या. करवत लाकडाचे तंतू आडवेतिडवे कापत जाते. कुऱ्हाड तंतूंच्या कलाने चालते. म्हणून तासलेल्या तुळईची बाजू किंचित लहरती राहते आणि तिचा जोर टिकतो. त्या तुळयांवरून हात फिरवला तर कुऱ्हाडीचे घाव बोटांना लागतात.

सुमारे २५० कंपन्या आणि संस्था, सुमारे २००० कारागीर. पाथरवट, सुतार, लोहार, काचकाम करणारे, आठ हजारांच्या आसपास नळ्यांचा ऑर्गन सोडवून शिशाची धूळ पुसणारे. जनरल ज्यां-लुई जोर्जलँ यांनी चार वर्षे हे काम शिस्तीने पुढे नेले. ऑगस्ट २०२३ मध्ये डोंगरात अपघाती मृत्यू झाल्याने त्यांना शेवट पाहता आला नाही. ७ डिसेंबर २०२४ ला दारे उघडली. राष्ट्राध्यक्ष मॅक्रों यांनी दिलेली पाच वर्षांची मुदत जेमतेम पावणेआठ महिन्यांनी ओलांडली, आणि मध्ये कोविडची साथ येऊन गेली होती. यासाठी आपले आणि त्या प्रत्येक हाताचे मनापासून अभिनंदन.

अभिनंदनानंतर चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट दारावरच्या पैशांची. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या वेळच्या संस्कृतीमंत्री रशिदा दाती यांनी पर्यटकांकडून ५ युरो घ्यावेत, वर्षाला साडेसात कोटी युरो जमतील आणि ते देशभरातल्या धार्मिक वास्तूंसाठी वापरता येतील, अशी सूचना केली. हेतू चांगला होता. पण चर्च आणि राज्य वेगळे करणारा १९०५ चा कायदा या वास्तूंना भेट देण्यासाठी कर किंवा शुल्क घेऊ देत नाही, आणि पॅरिसच्या धर्मप्रांतानेही विनामूल्य प्रवेशाचा आग्रह धरला. तो आग्रह बरोबर आहे. आगीपूर्वी वर्षाला सुमारे १ कोटी २० लाख माणसे आत येत. त्यांत मेणबत्ती लावायला आलेली बाई कोणती आणि फोटो काढायला आलेला प्रवासी कोणता, हे तिकीट तपासणाऱ्याने ठरवायचे? त्या रात्री पुलावर उभ्या असलेल्यांत श्रद्धाळू किती आणि नास्तिक किती, हे कोणी मोजले नव्हते. दाराशीही मोजू नये. पैसे हवेत, तर आत दानपेटीशेजारी एका फलकावर लिहावे, यंदा कोणते काम अडले आहे. लोक देतील. त्यांनी दिले आहेत.

दुसरी गोष्ट खिडक्यांची. दक्षिणेकडच्या सहा छोट्या प्रार्थनाकक्षांतल्या व्हियोले-ल-द्युकच्या काळातल्या खिडक्या आगीतून वाचल्या. त्या काढून नव्या, समकालीन बसवायचे ठरले. वारसा आणि वास्तुकलेच्या राष्ट्रीय आयोगाने जुलै २०२४ मध्ये एकमताने विरोध नोंदवला आणि दोन लाखांहून अधिक लोकांनी विरोधात सह्या केल्या. तरी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चित्रकार क्लेर ताबुरे यांची निवड झाली. त्यांच्या कलेबद्दल तक्रार नाही. पण जे जळाले ते होते तसे उभे करायचे आणि जे जळाले नाही ते काढायचे, हे देणगीदारांना कसे समजावणार? २०१९ मध्ये छतावर काचेचे घुमट, बागा, अगदी पोहण्याचा तलाव करण्याच्या कल्पना जगभरातून आल्या होत्या. तेव्हा लोकांचे ऐकून जुलै २०२० मध्ये जुन्या रूपालाच मान्यता दिली गेली. तेच कान आताही उघडे ठेवावेत.

तिसरी गोष्ट शिशाची. छतातले आणि मनोऱ्यातले चारशे टनांच्या वर शिसे आगीत सापडले आणि त्याची धूळ आसपासच्या रस्त्यांवर, शाळांच्या अंगणांत बसली. २०१९ च्या उन्हाळ्यात त्यामुळे काम काही आठवडे थांबवावे लागले. लहान मुलांच्या आईबापांनी प्रश्न विचारले, तेव्हा उत्तरे उशिरा मिळाली. नव्या छतावर पुन्हा शिशाचेच पत्रे चढले आहेत. जुने रूप राखायचे म्हणून ते मान्य केले, तरी शेजारच्या शाळेतल्या मुलाच्या रक्तात शिसे किती आहे, हे वेळोवेळी तपासून जाहीर करणे हाही वारशाच्या देखभालीचाच भाग मानावा.

चौथी गोष्ट सगळ्यांत मोठी. सरकारच्या मालकीची ८७ कॅथीड्रल फ्रान्समध्ये आहेत. नोत्र दामनंतर त्यांच्यासाठी सुरक्षा आराखडा आखला गेला आणि त्याचे मोल लवकरच कळले. १८ जुलै २०२० ला नांतच्या कॅथीड्रलमध्ये आग लावली गेली. १६२१ पासूनचा इतिहास असलेला मोठा ऑर्गन गेला. छत मात्र राहिले, कारण १९७२ च्या आगीनंतर ते काँक्रीटच्या सांगाड्यावर उभारले होते. ११ जुलै २०२४ ला रूआं शहरातल्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर दुरुस्ती चालू असताना धूर दिसला. इमारत लगेच रिकामी झाली आणि आग वरच्या वर विझली. रूआंसाठी जगात कोणी रडले नाही, कारण रडण्याची वेळच आली नाही. तिथे पहाऱ्यावर असलेल्यांचे नाव कुठे छापून आले नाही, आणि खरे तर तेच लोक कौतुकाचे धनी होते.

कॅथीड्रलांच्या पलीकडे गावोगावची चर्च आहेत, चाळीस हजारांहून अधिक. १९०५ पूर्वीची बहुतेक नगरपालिकांच्या आणि ग्रामपंचायतींच्या गळ्यात आहेत. जुलै २०२२ च्या सिनेटच्या अहवालाने बजावले की २०३० पर्यंत त्यांतली अडीच ते पाच हजार विकली, पाडली किंवा सोडून दिली जाण्याचा धोका आहे. ज्या गावात तीनशे मते आहेत, त्याचा सरपंच गळणारे छत कुठल्या पैशांतून शाकारणार? सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांच्यासाठी चार वर्षांत २० कोटी युरो जमवायची मोहीम सुरू झाली. नोत्र दामसाठी चार उद्योगसमूहांनी दोन दिवसांत जाहीर केलेली रक्कम याच्या तिप्पट होती.

नोत्र दामच्या निधीतून सुमारे १४ कोटी युरो शिल्लक राहिले आणि ते त्याच वास्तूच्या बाहेरच्या दुरुस्तीसाठी, सॅक्रिस्टीसाठी आणि मागच्या आधारकमानींसाठी वापरायचे ठरले. पैसा ज्या कामासाठी दिला त्याच कामाला जावा, हे योग्यच. पण देणगीदारांचे पत्ते आपल्याकडे आहेत. त्या ३ लाख ४० हजार घरांना अजून एक पत्र पाठवता येईल.

पुण्यातून हे सांगावेसे वाटते, कारण या शहराच्या मधोमध अशीच एक जागा आहे. १८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला. सागवानी खांब, नक्षीच्या तुळया, दिवाणखाने सगळे गेले. दगडी तट, दिल्ली दरवाजा आणि जोती उरली. त्या महालांचे असे मोजमाप कोणी आधी करून ठेवले नव्हते आणि वाडा पुन्हा उभाही राहिला नाही. आज मुले त्या जोत्यांवर पळापळी खेळतात आणि इथे काय होते असे विचारतात, तेव्हा आईबाप हवेत हात करून दाखवतात. गोव्यात जुन्या गोव्याच्या सी कॅथीड्रलचा एक बुरुज १७७६ मध्ये पडला. अडीचशे वर्षे ते एका बुरुजावरच उभे आहे. फ्रान्सकडे पैसा होता, कारागीर होते आणि लोकांचे लक्षही होते. म्हणून त्याची जबाबदारीही मोठी आहे.

१६ डिसेंबर २०२३ ला नव्या मनोऱ्याच्या टोकावर सोनेरी कोंबडा चढवला गेला. त्याच्या पोटात, पवित्र अवशेषांसोबत, पुनर्बांधणीत राबलेल्या सुमारे दोन हजार माणसांच्या नावांची यादी ठेवली आहे. फार सुंदर कल्पना होती ती.

तशीच एक यादी खाली, लोकांच्या हातात यावी. दर वर्षी १५ एप्रिलला मंत्रालयाने दोन पानांचे टिपण काढावे आणि प्रत्येक देणगीदाराला धाडावे. यंदा कोणत्या कॅथीड्रलच्या किती पन्हळी बदलल्या. कुठल्या माळ्यावरची वायर नवी केली. धोक्याचा दिवा लागल्यापासून अग्निशमन दलाला फोन जाईपर्यंत सरावात किती मिनिटे लागली. रात्रपाळीला किती माणसे होती आणि त्यांतल्या नव्या माणसाला दोन्ही माळे प्रत्यक्ष चढून दाखवले का. आणि शेवटी एका छोट्या गावाचे नाव, त्याच्या चर्चच्या छताचे एक छायाचित्र, आणि ते शाकारायला किती युरो कमी पडतात तो आकडा.

पहिले टिपण येत्या १५ एप्रिलला निघावे, ही विनंती.



आपला,
पुण्यातील एक मराठी वाचक